कुंकवाचा लाल किती टक्के?

छापील रंग म्हणजे पांढऱ्या कागदावर चार शायांच्या बारीक ठिपक्यांनी घडवून आणलेला दृष्टिभ्रम होय. निळसर सियान, गुलाबीकडे झुकणारी मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांपलीकडे सर्वसाधारण ऑफसेट यंत्रात काहीही नसते. भगवा, पोपटी, आमसुली, डाळिंबी, सत्कारमूर्तींच्या गालांचा आणि मोदकाच्या उकडीचा, असे बाकीचे सगळे रंग ठिपक्यांच्या संगनमताने तयार होतात आणि भिंग लावले की नाहीसे होतात. मुद्रणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही व्याख्या पहिल्याच वर्षी पाठ होते. गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिका समितीला ती कधीच मान्य होत नाही.

या विषयाच्या अभ्यासासाठी बिबवेवाडी हा सोयीचा परिसर आहे. सातारा रस्ता, मार्केट यार्ड, गंगाधाम चौक आणि अप्पर इंदिरानगर यांच्या मधल्या या भागात सोसायट्या दाट आहेत. सोसायटी म्हटली की गणेशोत्सव आला, आणि उत्सव म्हटला की स्मरणिका किंवा निदान कार्यअहवाल आलाच. मुखपृष्ठावर गजानन, आत अध्यक्षांचे मनोगत, देणगीदारांची यादी, मुलांच्या बक्षीस समारंभाचे फोटो आणि खर्च भरून काढणाऱ्या सराफ, मिठाईवाले, केटरर व क्लासवाले यांच्या जाहिराती, हा तिचा ठरलेला ऐवज. मुद्रण अभियांत्रिकी शिकवणारे पुणे विद्यार्थी गृहाचे महाविद्यालय शेजारच्या पर्वतीतच आहे. शास्त्र आणि स्मरणिका यांच्यात इतके थोडे अंतर असूनही त्यांची गाठ सहसा पडत नाही.

पहिला घोटाळा उजेडाचा असतो. संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश एकत्र करून रंग दाखवतो. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा, तिन्ही विझले की काळा. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये याच तत्त्वाने एका रंगीत फितीचे छायाचित्र पडद्यावर दाखवले होते. कागदाचे गणित याच्या उलट. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीतला उजेड फक्त परत पाठवतो, आणि त्यातला काही भाग शाई वाटेतच गिळते. सियान लाल प्रकाश गिळते, मॅजेंटा हिरवा, पिवळी निळा. शाया जितक्या वाढतील तितका परत येणारा उजेड कमी. थोडक्यात, पडदा बेरीज करतो आणि कागद वजाबाकी. समिती बेरीज पाहून होकार देते, छापून वजाबाकी येते, आणि मधल्या फरकाचा हिशेब छापखान्याकडे मागितला जातो.

पडद्यावर प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या असतात. म्हणजे कागदोपत्री १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. त्यांतल्या पुष्कळांना चार शायांच्या राज्यात रहिवासी दाखला मिळत नाही. सर्वांत मोठा फटका बसतो तो झगझगीत पोपटी, झेंडूचा केशरी आणि विजेरी निळा या तिघांना, आणि उत्सवाच्या मुखपृष्ठावर नेमके हेच तिघे हवे असतात. मार्केट यार्डाच्या फूलबाजारात सकाळी ढिगाने पडलेला झेंडू बिबवेवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण चार शायांत तो जसाच्या तसा उतरत नाही. फाइल आरजीबीतून, म्हणजे पडद्याच्या तीन प्रकाशांतून, सीएमवायकेत, म्हणजे चार शायांत, नेताना संगणक अशा प्रत्येक रंगाला त्याच्या जवळच्या, छापता येण्याजोग्या रंगावर आणून बसवतो. पडद्यावर तो क्षण स्पष्ट दिसतो: गणपतीमागची प्रभावळ एकदम शांत होते. हा क्षण गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना येऊ द्यायचा नाही, हे डिझायनर अनुभवाने शिकतो. शास्त्राचा सल्ला नेमका उलट आहे. तो क्षण गिऱ्हाइकासमोर आणि पहिल्याच दिवशी यावा. फोटोशॉपसारख्या प्रणालीत ‘सॉफ्ट प्रूफ’ची सोय त्यासाठीच असते. कोणत्या कागदावर, कोणत्या पद्धतीने छापायचे त्याचे प्रोफाइल निवडले की छपाईत काय हाती लागेल, त्याचा अंदाज फाइल न बदलता पडद्यावर दिसतो. दुःख तेच, पण चेक देण्याआधीचे.

हे दुःख मराठी मुलखाला पूर्वी नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात १८७८ साली चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घराघरांत गेली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. त्या काळच्या शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि एकच कागद तितक्या वेळा यंत्रातून जाई. गुलाबी हवा असेल तर गुलाबी शाईच घोटत. ठिपक्यांकडून गुलाबीपणाचा अभिनय करून घेत नसत. पद्धत वेळखाऊ आणि महाग होती, पण देवीच्या साडीचा रंग कोणी विचारला तर तो दगडावर बोट ठेवून दाखवता येई. चार शायांच्या पद्धतीने काम स्वस्त आणि जलद केले. त्या बदल्यात हवा तोच गुलाबी मिळण्याचा हक्क गेला.

तो हक्क आजही विकत घेता येतो. अमेरिकेतल्या पँटोन या कंपनीने १९६३ साली क्रमांक दिलेल्या रंगांची पद्धत बाजारात आणली. तिच्या पट्ट्यांच्या पंख्यातला क्रमांक सांगितला की तीच शाई मिसळून तयार करतात आणि ती स्वतंत्र प्लेटवरून छापतात. एखाद्या सराफाला आपल्या चिन्हातला लाल सगळीकडे सारखा हवा असेल, तर हा राजमार्ग. समितीच्या बैठकीत त्याचे स्वागत होते. मग पाचव्या प्लेटचा आणि जादा छपाईचा आकडा खजिनदार वाचून दाखवतात आणि चार रंगांतही पुष्कळ काही होते यावर एकमत होते. या पंख्याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एकच क्रमांक चकचकीत आणि खरबरीत कागदावर वेगळा दिसतो, म्हणून क्रमांकापुढचे ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षरही सांगावे लागते. शिवाय छापील पट्ट्या काळाबरोबर फिकट आणि पिवळट होतात. छापखान्यातला पंखा महाग असल्यामुळे कुलपात राहतो, आणि जुना असल्यामुळे तो तिथेच राहिलेला बरा असतो.

क्रमांक नसेल तर रंग शब्दांत सांगावा लागतो. या बाबतीत मराठी माणूस श्रीमंत आहे. मोरपंखी, चिंतामणी, अंजिरी, गुलबक्षी, अबोली, श्रीखंडी, मोतिया, विटकरी, राखाडी, अस्मानी, आणि ज्याच्यावर कोणत्याही दोन व्यक्तींचे आजवर एकमत झालेले नाही असा राणी कलर. साडीच्या दुकानात ही यादी उत्तम काम करते, कारण तिथे शेवटी ठाण समोर उलगडले जाते. फाइलमध्ये मात्र ‘छान मोरपंखी घ्या’ या सूचनेवर डिझायनर आपल्या मनातला मोर बसवतो, कार्यवाहांच्या मनातला मोर वेगळा असतो, आणि छपाईनंतर दोन्ही मोर समोरासमोर येतात. संगणकाला विशेषणे कळत नाहीत, टक्के कळतात. म्हणून कुंकवाचा लाल म्हणजे मॅजेंटा १०० आणि पिवळा १०० टक्के. भगवा म्हणजे पिवळा १०० आणि मॅजेंटा ५० ते ६०. हळदीचा पिवळा म्हणजे पिवळा १०० आणि मॅजेंटाचा जेमतेम १५-२० टक्क्यांचा हात. गुलालाचा गुलाबी जवळजवळ एकट्या मॅजेंटाचा असतो. खऱ्या गुलालाची झगमग त्यात नसते. ती मिरवणुकीत मिळते.

इथे या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा नियम येतो: रंग चटकदार करायचा असेल तर शाई वाढवायची नाही, कमी करायची. वरच्या सगळ्या तजेलदार रंगांत जास्तीत जास्त दोन शाया आहेत, हा योगायोग नाही. दोन शायांचा रंग स्वच्छ दिसतो. त्यात तिसरी आली की तो काळवंडायला लागतो, कारण सियान, मॅजेंटा आणि पिवळी मिळून शेवटी मळकट तपकिरीकडेच जातात. भगव्यात सियानचे १० टक्के पडले की तो धुतलेल्या सतरंजीच्या वाटेला लागतो. ‘लाल जरा भारदस्त करा’ या आग्रहाखातर कुंकवात सियान ओतली की ते विटेसारखे दिसू लागते, मग ते उठावदार व्हावे म्हणून मॅजेंटा आणखी मागितली जाते, पण ती आधीच १०० टक्के असते. शंभरावर टक्के नसतात, ही गोष्ट सर्वसाधारण सभेत पटवून देणे कठीण आहे. चटकदारपणाचा दुसरा भागीदार कागदाचा पांढरेपणा आहे. रंगाभोवती मोकळी पांढरी जागा असेल तर तो उठतो. स्मरणिकेत मात्र मोकळी जागा म्हणजे न विकलेली जाहिरात, असा हिशेब असतो.

निळ्याची तक्रार वेगळी. सियान १०० आणि मॅजेंटा १०० असा निळा पडद्यावर राजबिंडा दिसतो आणि कागदावर जांभळा उतरतो. दोघींमध्ये निदान ३० टक्क्यांचा फरक ठेवावा, म्हणजे सियान १०० तर मॅजेंटा ७०च्या आत, हा छपाईतला जुना तोडगा आहे. तो न पाळल्यामुळे क्लासच्या जाहिरातीतले निळे गणवेश जांभळे होतात. मुलांच्या गुणांवर त्याचा परिणाम होत नाही, संचालकांच्या स्वभावावर होतो.

फोटोंची बाब थोडक्यात सांगता येते, कारण त्यांचा ऱ्हास ठरलेल्या मार्गानेच होतो. चांगल्या ऑफसेट छपाईत इंचाला १५० ते १७५ ठिपक्यांच्या रांगा असतात. त्यासाठी फोटोत छापील आकाराच्या इंचामागे सुमारे ३०० पिक्सेल हवेत. कॅमेऱ्यातला मूळ फोटो ही अट सहज पूर्ण करतो. पण तो आधी कुटुंबाच्या, मग इमारतीच्या आणि शेवटी समितीच्या व्हॉट्सअॅप गटातून प्रवास करतो आणि वाटेत त्याचे वजन उतरते. एवढे वजन योगवर्गातही उतरत नाही. अशा फोटोत रंगांचे चौकोनी तुकडे पडतात आणि ते कोणत्याही टक्केवारीने बुजत नाहीत. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. ज्या फोनने चेहरे आपोआप उजळ केले आहेत, त्याचे फोटो पाहून छापखान्याने चेहरे फिके छापले अशी तक्रार करू नये. भारतीय वर्णाच्या चेहऱ्यात पिवळी शाई मॅजेंटापेक्षा थोडी जास्त आणि सियान त्यांच्या बरीच खाली लागते. हे प्रमाण बिघडले की कार्यकारिणी एकतर काविळीतून उठल्यासारखी दिसते किंवा नुकतीच भांडून आल्यासारखी.

काळा हा रंग सर्वांना सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त घात तोच करतो. एकट्या काळ्या शाईचा १०० टक्के काळा मोठ्या पार्श्वभूमीवर राखाडी झाक मारतो. म्हणून मोठ्या जागेसाठी त्याला आधार देतात: सियान ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा १००, हे एक सर्रास वापरले जाणारे प्रमाण. काही उत्साही मंडळी चारही १०० टक्के करतात. ही बेरीज ४०० होते आणि कागद ती पेलत नाही. चकचकीत लेपाच्या आर्ट पेपरला साधारण ३०० ते ३३० टक्के, तर वर्तमानपत्राच्या कागदाला २४०च्या आसपास एवढीच एकूण शाई झेपते. त्यापुढे शाई वाळत नाही, ढिगातल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते, आणि मुखपृष्ठावरच्या देखाव्याची छाया अध्यक्षांच्या मनोगतावर पडते.

बारीक अक्षरांना मात्र हा चौरंगी काळा कधीच द्यायचा नाही. चार प्लेट एकमेकींवर केसाइतक्याही सरकल्या तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते, आणि देवनागरीत शिरोरेषा सलग असल्यामुळे ती सावली ओळभर पळते. मजकूर नेहमी एकट्या काळ्या शाईत, १०० टक्के ठेवावा. गडद रंगावर पांढरी अक्षरे खोदायची असतील तर ती मोठी आणि जाड घ्यावीत. लहान आकारात भोवतालची शाई पसरून आधी अनुस्वार बुजतो, मग रफार, मग मात्रा. ‘आनंद मेळावा’ हा ‘आनद मेळावा’ होतो आणि दोष टंकलेखनावर जातो. याहून भयंकर प्रकार पांढऱ्या अक्षरांना चुकून ‘ओव्हरप्रिंट’ लागण्याचा. तेव्हा खालच्या रंगात अक्षरांसाठी जागा सोडली जात नाही आणि यंत्रात पांढरी शाई नसते. अक्षरे पडद्यावर दिसतात, कागदावर दिसत नाहीत. हे भाग्य बहुधा सर्वांत मोठ्या देणगीदाराच्या नावाला लाभते.

आता कागद. समिती कागद शेवटी ठरवते, कारण तो दरपत्रकात शेवटच्या ओळीत असतो. खरे तर रंगाचा निम्मा निकाल तिथेच लागतो. शाई कागदावर पडली की ठिपका पसरतो. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवर ६५च्या आसपास दिसतो, आणि लेप नसलेल्या, शाई पिणाऱ्या मॅपलिथोवर त्याहून बराच पुढे जातो. प्रोफाइल निवडताना ही वाढ हिशेबात धरलेली असते. पण फाइल आर्ट पेपरसाठी तयार करायची आणि शेवटच्या बैठकीत पैसे वाचवण्यासाठी मॅपलिथो घ्यायचा, असे झाले की सगळे फोटो ढगाळ होतात. कागद बदलला तर फाइल पुन्हा तयार करावी लागते, हे वाक्य दरपत्रकावर ठळक छापायला हवे. अर्थात एकट्या काळ्या शाईत.

फाइल तयार झाली की प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, येते. प्रूफ दोन प्रकारचे असते: रंगाला बांधील असलेले आणि नसलेले. व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ आणि कोपऱ्यावरच्या डिजिटल यंत्रातून काढलेली प्रत, दोन्ही दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांवर शुद्धलेखन तपासावे, आडनावे तपासावीत, पण रंग तपासू नये. समितीतल्या प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड वेगळा, आणि रात्री ११ नंतर डोळ्यांच्या आरोग्यासाठी पडदा आपोआप पिवळा करणारी सोय सुरू असते. त्या अवस्थेत ‘पिवळा जरा जास्त वाटतो’ हा अभिप्राय येतो आणि त्यावर तीन जण अंगठा उमटवतात. रंगाच्या कामासाठीचा पडदा यंत्राने जुळवलेला आणि तुलनेने मंद ठेवतात, कारण कागदाला स्वतःचा दिवा नसतो. मुखपृष्ठ महत्त्वाचे असेल तर जुळवलेल्या यंत्रावर, त्या कागदाच्या प्रोफाइलनुसार काढलेले रंगाला बांधील प्रूफ मागावे आणि त्याचे पैसे द्यावेत. पूर्ण छपाई फेकून देण्यापेक्षा ते नेहमीच स्वस्त पडते.

प्रूफ कोणत्या उजेडात पाहावे यालाही आंतरराष्ट्रीय मानक आहे: ५००० केल्व्हिनचा, दुपारच्या सूर्यप्रकाशाच्या जवळचा उजेड. कारण दोन नमुने एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली सरळ वेगळे दिसतात. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेणाऱ्या बायकांना हे मानक ठाऊक नसताना पाठ असते. त्या ट्यूबलाइटखाली पसंत पडलेली साडी दुकानाच्या दारापर्यंत नेतात, दिवसाच्या उजेडात धरतात आणि मगच भाव करतात. याच घरांतले पुरुष सोसायटीच्या कार्यालयात, पिवळ्या एलईडीखाली, हिरव्या टेबलक्लॉथवर ठेवून मुखपृष्ठाचा रंग मंजूर करतात.

मंजुरीनंतर फाइलच्या प्लेट होतात आणि ऑफसेट यंत्राचा कारभार सुरू होतो. शाई तेलकट, प्लेटचा कोरा भाग पाणी धरून ठेवणारा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या वैरावर चित्र उभे राहते, ते रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. मशीनमन सुरुवातीचे बरेच कागद वाया घालवून रंग जुळवतो. या वेस्टेजकडे पाहून खजिनदारांना वाईट वाटते, पण त्याशिवाय पुढचा कागद चांगला येत नाही. याच वेळी समितीचा एखादा सदस्य यंत्राजवळ उभा असेल तर विषयाला नवे वळण मिळते. यंत्रात शाईचा पुरवठा कागदाच्या रुंदीत पट्ट्यापट्ट्यांनी होतो. एका पट्टीत शाई वाढवली की तिच्या रेषेत येणाऱ्या सगळ्यांना ती मिळते, जशी एका पाइपलाइनवरच्या सगळ्या सदनिकांना. एका मोठ्या कागदावर आठ पाने मांडलेली असतात. सराफांच्या जाहिरातीतले सोने अजून पिवळे करा, अशी सूचना अमलात आली की त्याच पट्टीत खाली असलेले अध्यक्ष पिवळे होतात. बांधणीनंतर ही दोन पाने एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे अध्यक्षांच्या प्रकृतीचा आणि सोन्याचा संबंध कोणाच्याच ध्यानात येत नाही. अनेक गिऱ्हाइकांची कामे एकाच कागदावर घेऊन स्वस्तात छापलेल्या व्हिजिटिंग कार्डांचीही हीच गत असते: तिथे आपला मरून हा शेजारच्या डॉक्टरांच्या हिरव्यावर अवलंबून असतो.

यात ऋतूची भर पडते. गणेशोत्सव भाद्रपदात, म्हणजे छपाई श्रावणात. छापखान्यातली आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावी असे मानतात. पुण्याचा श्रावण हा आकडा जुमानत नाही. कागद हवेतले पाणी पितो, आडव्या दिशेने वाढतो, त्याच्या कडा लाटांसारख्या होतात आणि चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. मग गणपतीच्या मुकुटाला गुलाबी कड दिसते. काही भाविक तिला तेजोवलय समजतात आणि छापखाना त्यांची समजूत काढायला जात नाही. शाईही वाळायला वेळ घेते. यावर उपाय एकच: फाइल आषाढात द्यावी, कागद वेष्टनातच ठेवावा आणि शाईला वाळायला पुरेसे दिवस द्यावेत. प्रत्यक्षात मनोगत श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात येते, कारण अध्यक्षांना सुचत नसते.

शेवटचा टप्पा लॅमिनेशनचा. चकचकीत लॅमिनेशनने रंग गडद आणि खोल दिसतात. मॅटने स्पर्श मखमली होतो आणि गडद रंग थोडे झोपतात. मॅट घ्यायचे असेल तर ते आधी ठरवून फाइल त्या मानाने उजळ ठेवावी. रंग काठापर्यंत न्यायचा असेल तर कापण्यासाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडावा. फाइल पीडीएफ-एक्स प्रकारची द्यावी, म्हणजे अक्षरे तिच्यातच बंदिस्त राहतात आणि रंगांची व्यवस्था कोणाच्या संगणकावर परस्पर बदलत नाही. स्मरणिकेची तुलना चौकातल्या फ्लेक्सशी करू नये. फ्लेक्सच्या शाया वेगळ्या, पद्धत वेगळी, आणि तो वीस फुटांवरून पाहायचा असतो. शिवाय त्यावरचे चेहरे कसेही आले तरी आठवडाभरात उतरतात. स्मरणिका कपाटात राहते आणि पुढच्या समितीच्या पहिल्या बैठकीत पुरावा म्हणून निघते.

अचूक रंग मिळतो तो आकडे, कागद आणि उजेड आधी ठरवणाऱ्यांना. चटकदार रंग मिळतो तो शाई आवरणाऱ्यांना. बाकीच्यांना छापखान्याविषयी मत मिळते. तेव्हा समिती सदस्यांनी पहिल्या बैठकीत कागद ठरवावा, दुसरीत टक्के लिहून घ्यावेत, प्रूफ भर दुपारी गच्चीवर नेऊन पाहावे, त्यावर एकाच माणसाने सही करावी, आणि सही झाल्यावर यंत्राजवळ फिरकू नये.